जुनी पाठवून द्या

माझी सून वेदिका रागावली की तिचा आवाज चढत नाही, खाली येतो. मीटिंगमध्ये बोलतात तसा. आणि मराठीतलं इंग्रजी वाढत जातं. माझाही आवाज लहानपणापासून हळूच. त्यामुळे आठ वर्षांत आमची भांडणं भिंतीपलीकडच्या अय्यंगारांना एकदाही ऐकू गेलेली नाहीत. त्यांना वाटतं, या घरात फार शांतता आहे.

त्या रविवारी ती आणि माझा मुलगा देवव्रत शहराच्या दुसऱ्या टोकाच्या त्यांच्या घरून, सर्जापूर रोडहून, माझ्याकडे मल्लेश्वरमला आले ते मी फोन केला म्हणून. फोन मी देवव्रतला केला होता. म्हटलं होतं, "अरे, अप्पांची डिस्क टकटक करते आहे. तू एकटा ये, बघून जा." तो एकटा आला नाही.

वेदिका चपला काढता काढता दारातच थांबली. आतून आवाज येत होता. टक, टक, मग जरा थांबून पुन्हा टक.

"आई, ही मरत्येय," ती म्हणाली. "याला क्लिक ऑफ डेथ म्हणतात."

"उंबऱ्यावर उभं राहून असं बोलू नये."

"मी डिस्कबद्दल बोलत्येय."

"मीही डिस्कबद्दलच."

डिस्क म्हणजे हातावर मावेल एवढी काळी डबी. हे, म्हणजे माझे यजमान विठोजी, देवव्रतचे अप्पा, टेलिफोनच्या कारखान्यात टेस्टिंगला होते. सहा दिवस कारखाना, आणि सातव्या दिवशी टेपरेकॉर्डर पिशवीत घालून गावातल्या जुन्या मराठी घरांची फेरी. चिकपेट, कॉटनपेट, शिवाजीनगर, कुठे कुठे. आमच्यासारखी चारशे वर्षांपूर्वी इथे आलेली घरं. म्हाताऱ्यांना बोलतं करायचं, जुनी गाणी म्हणायला लावायची, कशाला काय म्हणता ते विचारायचं. अशी बावीस वर्षं. एकशे ऐंशी कॅसेट झाल्या. पुष्कळदा मी बरोबर असायची. कॅसेटवरच्या चिठ्ठ्या माझ्याच अक्षरात. पुढे कॅसेटींना बुरशी धरू लागली तेव्हा ह्यांनी एकेक वाजवून सगळ्या या डिस्कवर उतरवल्या, एक ते एकशे ऐंशी असे आकडे घातले, आणि कॅसेटी रद्दीत गेल्या. तीन वर्षांपूर्वी हे गेले.

फोटोत हे हसत नाहीत. कॅसेटमध्ये हसतात. पूजा आटोपली की रोज एक कॅसेट ऐकायची, असं मी ठेवलं आहे. एकशे ऐंशी झाल्या की पुन्हा पहिलीपासून. एवढंच मला हवं होतं, की हे असंच चालू राहावं.

वेदिकाने डिस्कची वायर काढली आणि टकटक थांबली.

"एकच कॉपी?" तिने देवव्रतला विचारलं, मी तिथे नसल्यासारखं. "बावीस वर्षांचं काम, आणि एकच कॉपी? डेव, सीरियसली?"

देवव्रत माझ्याकडे बघत पंख्याचं बटण शोधू लागला. लहानाचा मोठा तो याच घरात झाला होता.

लोकांच्या कंपन्यांचा डेटा सांभाळायचा, ही वेदिकाची नोकरी. जेवताना तिने नियम सांगितला. तीन प्रती हव्यात, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या वस्तूंवर हव्यात, आणि त्यातली एक घराबाहेर हवी. नियमाला माझी काही हरकत नव्हती. आमच्या घरात पोथीच्याही दोन प्रती असायच्या, एक माहेरी, एक सासरी. पण मग तिने वस्तू कुठल्या ते सांगितलं.

"एक कॉपी क्लाउडवर. बाकीच्या एसएसडीवर. एसएसडी म्हणजे आत फिरणारं काही नसतं. पडली तरी काही होत नाही."

"क्लाउडचा पासवर्ड कुणाकडे राहणार?" मी विचारलं.

"माझ्याकडे. म्हणजे, आमच्याकडे."

"मग मला ऐकायचं असलं की तुला विचारायचं."

"विचारायचं काय त्यात? मी लिंक देईन की."

"तेच म्हणते. तू देशील."

देवव्रत म्हणाला, "अम्मा, स्वल्प थांब. आधी तिचं ऐकून तर घे." आणि तिला म्हणाला, "वेदू, तू पण." मग त्याने सारूभात ओढून घेतला. आपलं काम झालं असं त्याला वाटलं असणार.

मीही तयारी केली होती. एस. पी. रोडवर जयतीर्थ म्हणून एक दुकानदार आहे. ह्यांच्या कॅसेटी बावीस वर्षं त्याच्याकडूनच यायच्या, आता तो कॉम्प्युटरचं सामान विकतो. त्याला मी फोन करून सगळं विचारलं होतं.

"तबकड्या येतात म्हणे," मी म्हटलं. "डीव्हीडीसारख्याच, पण जास्त टिकणाऱ्या. एकदा लिहिलं की पुसता येत नाही. वीज नको, पासवर्ड नको. कपाटात ठेवली की राहिली."

"आणि वाचणार कशावर? नव्या लॅपटॉपला तबकडी घालायला जागाच नसते, आई."

"वाचायचं यंत्र वेगळं मिळतं. जयतीर्थ म्हणाला. आणि तो म्हणाला, एसएसडी नुसती कपाटात ठेवली, वर्षानुवर्षं वीज दिली नाही, तर ती हळूहळू विसरत जाते. खरं का?"

वेदिकाचा घास हातातच राहिला.

"थिअरीत," ती म्हणाली.

"म्हणजे खरं."

"म्हणजे वर्षातून दोनदा लॅपटॉपला लावायची! त्यात काय आहे? मी रोज हेच काम करते, आई. मला आता एस. पी. रोडवरचा दुकानदार शिकवणार?"

"बावीस वर्षांत त्याची एक कॅसेट खोटी निघाली नाही."

तिने ताट उचललं, जाऊन घासलं आणि पालथं घातलं. माझ्या घरात ताट पालथं घालत नाहीत. तिला ते आठ वर्षं माहीत आहे.

मग तिने डिस्क पुन्हा लावून एक फाईल उघडून पाहिली, चालते का म्हणून. चोविसावी होती. कॉटनपेटातल्या एक आजी, जावयाला काय काय करून घातलं ते सांगत होत्या. मध्येच ह्यांचं हसणं. वेदिकाने अर्धा मिनिट ऐकलं.

"मला यातलं निम्मं कळत नाही," ती देवव्रतला म्हणाली. "हे मराठी आहे? सबटायटल्स लागतील."

मी हळूच म्हटलं, "ही मराठी या गावात चारशे वर्षं आहे. तू आठ वर्षांपूर्वी पुण्याहून बसने आलीस."

तिचा आवाज अगदी खाली आला. "ओके. आय ॲम डूइंग धिस फॉर अप्पा. नॉट फॉर यू."

"सरी," मी म्हटलं. म्हणजे, बरं.

पुढच्या रविवारी ती दोन एसएसडी घेऊन आली. तबकडीचं नाव कुणी काढलं नाही. दोन्ही डब्या एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या, आमच्या चुन्याच्या डबीपेक्षा थोड्या मोठ्या. दोन वेगवेगळ्या प्रकारच्या वस्तू कुठे गेल्या, असं मला विचारायचं होतं. नाही विचारलं. ह्यांच्या टेबलावर तिने लॅपटॉप मांडला, पहिली डबी भरायला लावली आणि खुर्ची अशी फिरवली की माझ्याकडे पाठ व्हावी. दुपारी पहिली भरून झाली. तेवढ्यात तिला ऑफिसचा फोन आला आणि ती गच्चीवर गेली ती दोन तास. दुसरी डबी देवव्रतने भरली.

निघताना एक डबी तिने पर्समध्ये टाकली, एक माझ्या हातात दिली.

"ही तुमची. आणि आता जुनी डिस्क लावायची नाही. अजिबात. ऐकायचं ते या नवीवरून ऐका."

"नवी नीट झाली की जुनी पाठवायची," मी म्हटलं.

"हो, पाठवायचीच आहे. पण मी सांगेन तेव्हा पाठवा. त्याच्याआधी नको."

खरं सांगते, त्या क्षणी मला तिच्याबद्दल जरा बरं वाटलं. आमच्या घरात जीर्ण पोथी, भंगलेली मूर्ती, रंग उडालेली देवाची तसबीर कधी 'टाकत' नाहीत. 'बुडवली' असंही म्हणत नाहीत. 'पाठवली' म्हणतात. नवी प्रत झाली की जुनीला हळदकुंकू वाहायचं, खणात बांधायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि श्रीरंगपट्टणला संगमावर नेऊन कावेरीत सोडायची. सासूबाई असं करत, मीही करते. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी एक पोथी पाठवायची होती तेव्हा वेदिका आमच्याबरोबर आलीही होती. गाडीत सगळा वेळ फोनवर होती, पण आली होती. मला वाटलं, तेवढं तरी तिने मनात धरलं.

त्या आठवड्यात मी काही ऐकलं नाही. जुनी लावायची नव्हती. नवी मी कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. तिच्या डबीतून ह्यांचा आवाज मला ऐकायचा नव्हता.

गुरुवारी सकाळी तिचा मेसेज आला. ती मराठी लिहिते ती इंग्रजी अक्षरांत, ओठ हलवल्याशिवाय मला वाचता येत नाही. 'आई, दोन्ही कॉपी झाल्या. आता जुनी पाठवून द्या. लवकर.' पुढे लाल रंगाचं एक चिन्ह.

गुरुवारी नैवेद्य होईपर्यंत माझं मौन असतं. म्हणून फोन केला नाही, 'सरी' एवढं लिहून पाठवलं. मौन होतं हे खरं. पण बोटांना मौन नव्हतं. 'ऐकून पाहिल्यास का सगळ्या' एवढे चार शब्द लिहिता आले असते. मला तिला काही विचारायचं नव्हतं, हेही तितकंच खरं.

शुक्रवारी सकाळच्या म्हैसूर गाडीने मी एकटी श्रीरंगपट्टणला उतरले. ऑटोवाल्याने विचारलं, "संगमा?" मी मान हलवली. पायऱ्यांवर एक नवरा-बायको पाय बुडवून बसली होती. मी खालच्या पायरीवर जाऊन पुडी सोडली. हिरवा खण, आत डिस्क, वर हळदकुंकू. पोथी थोडा वेळ तरंगते, मग ओली होऊन वाकते आणि जाते. ही तरंगली नाही. हातातून सुटली ती दिसलीच नाही.

रडू आलं नाही. मनात पहिल्यांदा आलं ते हे, की ह्यांच्या हाताची वस्तू आता सर्जापूर रोडला जाणार नाही. देवासमोर उभं राहून सांगायची वेळ आली तर मी हेच सांगेन.

शनिवारी दुपारी वेदिकाचा फोन आला.

"आई, ट्रॅकिंग नंबर पाठवता?"

"कसला?"

"कुरिअरचा. डिस्क पाठवली ना?"

"पाठवली."

"हो, मग पावतीवर नंबर असेल बघा. टी किंवा बी ने सुरू होणारा."

"पावती कशाची? मी स्वतः जाऊन पाठवली. श्रीरंगपट्टणला."

ती सावकाश, लहान मुलाला विचारावं तसं म्हणाली, "आई. डिस्क. आत्ता. कुठे आहे?"

"कावेरीत."

फोन बंद झाला. मी तो हातात धरून बसून राहिले. 'पाठवून द्या' याचा तिच्या मराठीत काय अर्थ होतो तो मला त्या क्षणी कळला, आणि हेही कळलं की तो मला मुळात माहीतच होता. वीज मंडळाला अर्ज पाठवतात, देवव्रतला वसतिगृहात डबे पाठवत होते. कोण म्हणेल मला माहीत नव्हता?

रविवारी सकाळी दोघं आली. वेदिकाने चपला काढल्या नाहीत.

"कुरिअर करायला सांगितलं होतं मी!"

"तू कुरिअर म्हणाली नाहीस. पाठवून दे म्हणालीस."

"जगात कोण माणूस हार्ड डिस्क नदीत सोडतो?"

"चपला," मी म्हटलं.

"चपला गेल्या... डेव, तू बोल. तुझी आई आहे."

देवव्रत दाराला टेकून उभा होता. "अम्मा," तो म्हणाला, "आजी पोथी पाठवायची, ते आधी पडताळा करून ना? दोघीजणी बसायच्या. एक जुनी वाचायची, एक नवीवर बोट ठेवून बघायची. शेवटचं पान होईपर्यंत उठायच्या नाहीत. मला आठवतंय."

पडताळा झाल्याशिवाय पाठवायची नाही, हे त्याच्या आधी मला ठाऊक होतं. पण पडताळ्याला दोन माणसं लागतात. एकशे ऐंशी कॅसेटी मी हिच्या मांडीला मांडी लावून ऐकायला हव्या होत्या. मी ती पायरी गाळली.

"तू का मागवत होतीस ती?" मी वेदिकाला विचारलं. "दोन्ही कॉपी झाल्या म्हणालीस ना?"

तिने चपला काढल्या. एका पायाने दुसरी, न वाकता.

"झाल्या. सगळ्या नाही झाल्या," ती म्हणाली. "एकोणचाळीस फाईल उघडत नाहीत. कॉपी होताना एरर येत होत्या, मी स्किप केल्या, म्हटलं नंतर बघू. घरी गेल्यावर मोजल्या. एचएसआर लेआउटला एक रिकव्हरीवाला आहे, तो डिस्क उघडून काढून देणार होता. म्हणून लवकर म्हटलं."

एकोणचाळीस.

"हे तू लिहिलं नाहीस."

"लिहिलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, बघ, मी तबकडी म्हणत होते, तू ऐकलं नाहीस."

"म्हटलंच असतं."

"तेच!"

"आणि म्हणून तू मला सांगितलंस की झाल्या. खोटं."

"आणि तुम्ही? तुम्हाला खरंच वाटलं मी विसर्जन करायला सांगत्येय? मी? मला साधी आरती पाठ नाही!"

बाहेर इडलीच्या पिठाची गाडी ओरडत गेली. अय्यंगारांच्या घरात टीव्ही लागला. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत होतो आणि दोघींचाही आवाज चढला नव्हता.

देवव्रत घसा खाकरून म्हणाला, "एक सांगू? रागावू नका."

"बोल," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

"वेदूने मला सांगितलं होतं, दुसरी एसएसडी पहिल्या नवीवरून भर, जुन्या डिस्कला त्रास देऊ नको. पण पहिल्या नवीची केबल सापडेना. म्हणून मी जुन्यावरूनच भरली. मलाही एरर आल्या. स्किप ऑल केलं."

वेदिकाने डोळे मिटले. मला वाटलं आता ती त्याला काहीतरी बोलेल. पण ती मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "वेगळ्या."

"काय वेगळ्या?"

"एरर वेगळ्या आल्या असतील. मरणारी डिस्क दर वेळी त्याच जागी अडकत नाही. जे माझ्यावर नाही ते तुमच्यावर असू शकेल." ती माझ्याकडे वळली. "आई, तुमची एसएसडी द्या."

"देणार नाही."

"आई!"

"तुझ्या हातात देणार नाही. इथे बघ. माझ्यासमोर, ह्यांच्या टेबलावर. आणि खुर्ची नीट ठेव, मला पडदा दिसायला हवा."

मी कपाट उघडून डबी आणली आणि स्वतः टेबलावर ठेवली. तिने पर्समधून आपली काढली. दोन्ही इतक्या सारख्या की एकीवर मी कुंकवाचं बोट लावलं. तिने ते पाहिलं. नाक तेवढं मुरडलं.

दोन्ही डब्या लॅपटॉपला लागल्या. ती एकेक आकडा घ्यायची, आधी आपल्या डबीतला उघडायची, नाही उघडला की माझ्या. मी चिठ्ठ्या उतरवून ठेवलेली माझी वही घेऊन शेजारी बसले. तीन, तिच्यावर नाही, माझ्यावर आहे. नऊ, माझ्यावर आहे. सतरा, दोन्हीकडे नाही. प्रत्येक वेळी ती थोडा आवाज वाजवून बघायची आणि ह्यांचं 'हां, सांगा आज्जी' ऐकू आलं की लगेच बंद करायची. मला ते तसं मध्येच तोडलेलं सोसत नव्हतं. मिळालं की ती वहीत टिक करायला मला बोटाने खुणावायची. ऑफिसात हाताखालच्या माणसाला खुणावतात तसं.

"जरा लवकर," एकदा म्हणाली.

"ही माझी वही आहे," मी म्हटलं.

देवव्रतने चहा केला. दोघींनीही घेतला नाही. थोड्या वेळाने त्याने तिन्ही कप स्वतःच पिऊन टाकले.

दीड वाजता मोजणी झाली. एकोणचाळिसांपैकी सत्तावीस माझ्या डबीवर मिळाल्या. बारा दोन्हीकडे नाहीत. त्या बारा आता संगमाच्या पाण्यात.

"सत्तावीस मिळाल्या त्या याच्या चुकीमुळे," वेदिका देवव्रतकडे बघून म्हणाली. "माझं ऐकलं असतंस तर सगळ्या एकोणचाळीस गेल्या असत्या." हे बोलताना ती त्याच्यावर रागावली होती की स्वतःवर, मला कळलं नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "या सगळ्या आता तिन्हीकडे टाकते. दोन्ही एसएसडी आणि क्लाउड. आणि तबकड्या मागवते. तुमच्या त्या जयतीर्थकडून. खूश?"

"पासवर्ड वहीत लिही. इथे."

तिने पेन ओढून घेऊन लिहिला. इतकं दाबून, की मागच्या पानावर उमटला.

"बारांची यादी करा," ती म्हणाली. "काय गेलं ते तरी माहीत हवं. सतरा?"

"चिकपेटचे उमाजीराव. गोंधळाची गाणी."

"एकतीस?"

"दसऱ्याच्या बोंबल्या मांडायच्या कशा, ते." बोंबल्या म्हणजे बाहुल्या, हे मी तिला सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. तिने कसं लिहून घेतलं कोण जाणे.

एकेक करत ती शेवटी आली. "एकशे ऐंशी?"

मी वही बघितली नाही.

"ती शेवटची. त्यानंतर ह्यांचा टेपरेकॉर्डर बिघडला," मी म्हटलं. "तुमचं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या दिवशीची. सत्यनारायणाला तू उखाणा घेतलास तो."

तिची बोटं थांबली. इतका वेळ तिने माझ्याकडे नीट बघितलं नव्हतं, आता बघितलं.

"अप्पांनी तो रेकॉर्ड केला होता?"

"हो."

"मला कधी सांगितलं नाही."

"तू कधी ऐकायला बसली नाहीस."

ती देवव्रतला म्हणाली, "तुला आठवतो? मी स्वतः केला होता. सकाळी अप्पांनी मला एक शब्द शिकवला होता, तो घालून. संपिगे, म्हणजे सोनचाफा. मल्लेश्वरात संपिगे... काहीतरी. पुढे काय होतं?"

"मी तेव्हा भटजींशी बोलत होतो ग," देवव्रत म्हणाला.

"संपिगे... आणि शेवटी अप्पांचं काहीतरी होतं. सगळे हसले होते." तिचा आवाज वर आला होता. आठ वर्षांत पहिल्यांदा. "आणि अप्पा पण काहीतरी म्हणाले त्यावर. शी, काय म्हणाले?"

मल्लेश्वरात संपिगेच्या झाडांची दाटी, देवव्रतचं नाव घेते अप्पांच्या कॅसेटसाठी. असा होता. त्यावर हे हसले, आणि म्हणाले, "एका दिवसात हिने आपली मराठी उचलली बघा. ही इथलीच." मी तो तीन वर्षांत सहा वेळा ऐकला आहे. तिने 'दाटी' म्हणताना घेतलेला श्वाससुद्धा मला पाठ आहे.

"आई, तुम्हाला आठवतो?"

मी खोटं बोलत नाही.

"आठवतो," मी म्हटलं, आणि उठून कुकर लावायला आत गेले.